सेकंदाला किती किलो

मालतीबाई प्रधान यांचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असं संपादकांनी कळवल्यापासून तीन-चारदा सुरुवात केली आणि दर वेळी बाईंपाशीच येऊन अडलो. त्यांच्यामुळे मला काम मिळालं, आणि ते काम समजलंही त्यांच्यामुळेच. पुढचं वाचून मी कृतघ्न आहे असं कुणाला वाटलं तर वाटो. पण नाव आधी यायला हवं.

आमचं घर बदलापूरला, गावाच्या बाजूला. वडील गवताच्या वखारीत गठ्ठे दाबून बांधायचे. तेव्हा मुंबईच्या तबेल्यांना इथून गवत जायचं. आई अक्षरं शिकली ती माझ्या चौथीच्या पुस्तकावर. बाई शाळेत गणित शिकवायच्या. स्वतः एम.एस्सी., यजमान लवकर गेलेले, कुळगावात दोन खोल्यांत मुलाला घेऊन राहायच्या. मी दहावीनंतर उल्हासनगरच्या कॉलेजात गेलो. तिथे सगळं इंग्रजीत, आणि पहिल्याच सहामाहीत गणितात आपटलो. बाईंना कुठून तरी कळलं. त्यांनी आईला निरोप धाडला, "त्याला सकाळी माझ्या शाळेच्या आधी पाठवत जा." बी.एस्सी. होईपर्यंत मी त्यांच्या मागच्या ओट्यावर शिकलो. फी विचारायची आईची छाती झाली नाही आणि बाईंनी तो विषय कधी काढला नाही. हंगामात आई वालाच्या शेंगा पाठवायची, तेवढ्या त्या ठेवून घ्यायच्या.

एकदा काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना, तेव्हा त्यांनी मला शेजारच्या विहिरीवर नेलं. रहाटावर हात ठेवून विचारलं, "कळशी किती वेगाने वर येते?"

"मी फिरवीन तशी."

"तशी म्हणजे कशी? रहाटाच्या एका फेऱ्यात दोर किती गुंडाळतो ते एक. सेकंदाला तू किती फेरे मारतोस ते दुसरं. दोन्हींचा गुणाकार कर. मध्ये आणखी एक चाक बसवलं तर आणखी एकदा गुण. झालं! यालाच घाबरत होतास?"

पुस्तकात याला चेन रूल म्हणतात. एक गोष्ट दुसरीवर अवलंबून, दुसरी तिसरीवर. मग पहिलीच्या बदलाचा वेग काढायचा तर मधले सगळे वेग एकमेकांनी गुणायचे. मी तो विहिरीवर शिकलो आणि पोटासाठी वापरला.

पदवी मिळाली तरी बरेच दिवस नोकरी मिळेना. बाईंचे धाकटे भाऊ अरविंद दिघे यांचा अंबरनाथच्या एमआयडीसीत स्प्रिंगांचा कारखाना होता. बाई मला घेऊन स्वतः गेल्या. ऑफिसात बसल्याही नाहीत. "अरू, हा मुलगा खोटं मोजणार नाही," एवढं सांगून निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी तपासणी खात्यात.

स्प्रिंग कशी होते ते थोडक्यात सांगतो. तार एका दांड्यावर गुंडाळायची, तोडायची, दोन्ही टोकं घासून सपाट करायची, भट्टीत भाजून तिच्यातला ताण घालवायचा. मग ती माझ्याकडे यायची. माझ्याकडे एक टेस्टर होता: खाली ताट, वर दांडा, बाजूला काटा. स्प्रिंग ताटात उभी करायची, हँडलने हळूहळू दाबायची आणि काटा वाचायचा. एक मिलिमीटर दाबायला जितके किलो वाढतात त्याला आमच्या धंद्यात स्प्रिंगचा रेट म्हणतात. यावरून रोज गोंधळ. उल्हासनगरचं गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "रेट क्या है?" मी सांगायचो, "दो किलो पर एमएम." ते वैतागायचं, "अरे भाई, किलो से नहीं चाहिए, नग का बोलो!"

एकदा उल्हासनगरच्या कॅम्प पाचचा एक भंगारवाला लटकवायचा स्प्रिंग-काटा घेऊन आला.

"सर, इसमें थोड़ी कड़क डाल दो."

"कडक कशाला?"

"मतलब... माल दस किलो हो, तो काँटा नौ पे शरमा जाए."

दिघेसाहेब केबिनमधून ऐकत होते. बाहेर आले, हसले आणि म्हणाले, "शेठ, बैठो, चाय पियो. काटा घेऊन आलात तसाच घेऊन जा. वो काम इधर नहीं होता." त्या दिवशी घरी जाऊन मी आईला सांगितलं, आमचे साहेब असे आहेत. बाईंनाही सांगितलं. त्या खूश झाल्या. "लहानपणी पेरू चोरायचा, पण विचारलं की कबूल करायचा," म्हणाल्या. हे मुद्दाम लिहितो. दिघेसाहेब वाईट माणूस म्हणून माझ्यासमोर आले असते तर मला पुढचं सोपं गेलं असतं.

भट्टीवर यशवंत भोईर होता. वांगणीजवळच्या गावचा, घरी भातशेती. मी कुणालाही काही समजावू लागलो की लांबूनच ओरडायचा, "काय मास्तर, आज कोनाची परीक्षा?" त्याच्यामुळे सगळा कारखाना मला मास्तर म्हणू लागला. पावसाळ्यात लावणी आली की भोईर आठ-दहा दिवस रजेवर. दिघेसाहेब कुरकुरत पण रजा देत. आमच्याकडचे अर्धे कामगार शेती सांभाळून येणारे, त्यामुळे लावणीच्या दिवसांत कारखाना लंगडतच चालायचा आणि त्याचं कुणाला नवल नव्हतं.

आता लालचंदशेठ. यांचा गाळा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. तिथे तेव्हा गल्लोगल्ली जीन्स शिवायचे कारखाने निघाले होते. जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटा असतात, त्या ठोकायचं यंत्र लालचंदशेठ बनवायचे. मोटर पट्ट्याने एक फुगीर चाक फिरवते. चाकाचा फुगवटा वरून ठोक्याला खाली ढकलतो, रिबिट बसते, आणि खालची स्प्रिंग ठोक्याला उचलून परत वर नेते. म्हणजे ठोका हवेत राहतो तो निव्वळ स्प्रिंगच्या जिवावर. त्याखाली मशीनवर बसलेली कामगार बाई बोटांनी रिबिट ठेवते. स्प्रिंग आमची होती.

नव्वदच्या आसपास एका दुपारी लालचंदशेठ दिघेसाहेबांकडे आले होते. मला टेस्टचा कागद घेऊन बोलावलं.

"साईं, पार्टी बोलती है मशीन सुस्त है," शेठ म्हणाले. "मोटर पे बड़ी पुली डालूँ तो डबल माल निकलेगा. स्प्रिंग को कुछ होगा तो नहीं?"

साहेबांनी कागदावर नजर टाकली. "फुल लोडला पास आहे. जितना मर्जी भगाओ."

मी म्हटलं, "साहेब, वेग वाढला तर एकदा हिशेब..."

"तुला विचारलं का?"

"नाही."

"बी.एस्सी. है," साहेब शेठना हसत म्हणाले. "पुस्तक अभी गया नहीं दिमाग़ से."

शेठही हसले. मीही हसलो, काय करणार. तरी दुसऱ्या दिवशी हिशेब मांडून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यात तीन ओळी होत्या. पहिली, स्प्रिंग एक मिलिमीटर दबली की बळ किती किलोंनी वाढतं. ही आमची. दुसरी, चाक थोडंसं फिरलं की स्प्रिंग किती मिलिमीटर दबते. ही लालचंदशेठची, चाकाचा आकार त्यांचा. तिसरी, चाक सेकंदाला किती फिरतं. ही पुलीची. तिन्हींचा गुणाकार म्हणजे सेकंदाला किती किलो. माझ्या टेस्टरवर फक्त पहिली ओळ मोजली जायची, कारण तिथे मी हँडल हळू ओढायचो. हळू दाबलं की सगळी वेटोळी ओझं सारखं वाटून घेतात. झटक्याने दाबलं तर वरची वेटोळी आधी दबतात, दाब खालपर्यंत पोचायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्या क्षणात वरच्या वेटोळ्यांना आपल्या वाट्यापेक्षा पुष्कळ जास्त सोसावं लागतं. शेवटचा आकडा तोच, काटा तोच, पण तिथे पोचण्याची घाई निराळी. ती घाई दुप्पट होणार होती.

साहेबांनी कागद वाचला की नाही माहीत नाही.

मोठ्या पुलीची मशीन धडाधड विकली गेली. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस लालचंदशेठचा फोन आला. कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात स्प्रिंग तुटून ठोका खाली पडला आणि शोभा नावाच्या बाईच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढून गेली. साहेबांनी मला लालचंदशेठबरोबर पाठवलं.

आम्ही पोचेपर्यंत मशीन धुऊन पुसून ठेवलेलं होतं. शोभाताई दवाखान्यात. मालक आम्हाला पाहताच सुरू झाला, "औरत का ध्यान नहीं था. बातें करती रहती है." शेजारच्या मशीनवर एक बाई मान खाली घालून काम करत होती. मालक फोन घ्यायला आत गेल्यावर ती मान वर न करता बोलली, "तिने पायपट्टीवरून पाय उचललेला होता. मशीन थांबलेलं. थांबलेलं मशीन खाली आलं हो दादा. आता मीसुद्धा याच्यावरच बसणार आहे ना?"

मी तुटलेली स्प्रिंग मागून घेतली. वरून दुसऱ्या वेटोळ्याला तुटली होती. मग लालचंदशेठना घेऊन त्याच गल्लीत आणखी कारखाने फिरलो. मोठी पुली होती तिथे तिथे स्प्रिंगा तुटत होत्या. कुणी ओरडत नव्हतं, कारण बोटं मध्ये आली नव्हती. "टूटती है तो दूसरी डालते हैं," म्हणून मोकळे. डब्यांत टाकलेले तुकडे मी पिशवीत भरून आणले. सगळे वरच्याच वेटोळ्यांपाशी तुटलेले. जुन्या, छोट्या पुलीच्या मशीनांवर आमच्याच स्प्रिंगा होत्या, त्याच लॉटच्या. त्या धडधाकट.

परत येताना रिक्षात लालचंदशेठनी पिशवीतला एक तुकडा काढून पाहिला. मग म्हणाले, "मास्टर, सच बोलो. मेरा कसूर है?"

मी तीन ओळी त्यांना समजावल्या. त्यांनी लक्ष देऊन ऐकल्या.

"तो मैं पुली छोटी कर दूँ. पर धीमी मशीन कौन लेगा? पार्टी बोलेगी लालचंद डर गया. तुम कंपनी के काग़ज़ पे लिख के दो कि ये स्प्रिंग इतने से ज़्यादा स्पीड के लिए नहीं है. वो काग़ज़ मैं सबको दिखाऊँगा. सब मशीन वापस ठीक करूँगा, अपने ख़र्चे से." मग म्हणाले, "मेरी भी बेटी है."

मला तेव्हा वाटलं, सुटलं. एक कागद तर लिहायचा आहे.

मी तुकड्यांचा कडकपणा तपासून घेतला, ते टेबलावर ओळीने मांडले आणि अहवाल लिहिला. तार ठीक, भट्टी ठीक, स्प्रिंग ठीक, वेग चुकला. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"हे लिहून दिलं तर काय होईल कळतंय का? पुली वाढवा असं मी सांगितलं, हे शेठला माहीत आहे. उद्या चौकशी झाली तर सगळं माझ्यावर येईल."

"शेठ काही बोलणार नाहीत साहेब. ते मशीनही सुधारून देतो म्हणतात."

"शेठ आज म्हणतो. तू असं कर, त्या लॉटची भट्टी बिघडली होती असं लिही. एक लॉट खराब निघाला. आपण बदलून देऊ. विषय संपला."

"मग बाकीची मशीन तशीच चालणार."

"ती त्यांची त्यांना."

"आणि भट्टी बिघडली म्हणजे भोईरवर येणार."

"नाव कुणाचं तरी लागतं," साहेब म्हणाले. खूप शांतपणे म्हणाले.

भोईरला बोलावलं. टेबलावरचे तुकडे पाहून तो आधी हसला, "मास्तर, दुकान मांडलंव काय?" मग त्याला कळलं. तो लॉट कधीचा ते त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

"साहेब, तवा मी लावनीला व्हतो. सगल्यांना ठाव हाय. चिखलानशी भट्टी पेटवू काय?"

"तेच म्हणतोय मी!" साहेब उसळले. "भट्टी दुसऱ्याच्या गळ्यात टाकून शेतात पळालास. निष्काळजीपणा म्हणतात तो हाच."

मी म्हटलं, "साहेब, रजा तुम्हीच दिली होती."

"दिली. दरवर्षी देतो. चांगुलपणा केला, तेच चुकलं माझं."

भोईर माझ्याकडे बघत राहिला. मी बी.एस्सी., मी तपासणीवाला, मी काही तरी बोलेन अशा नजरेने. मी बोललो. लॉट खराब नाहीच, मग भट्टीवर कोण होतं याला अर्थ नाही, हे मी दोनदा सांगितलं. साहेबांनी दोनदा ऐकून घेतलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सोमवारपर्यंत विचार कर. सही तुझी लागेल, टेस्टर तुझ्या हातात आहे."

रविवारी बाईंचा निरोप आला.

मला बरं वाटलं. या सगळ्या प्रकरणात माझा हिशेब वाचून कळेल असं एकच माणूस होतं आणि त्यांनीच बोलावलं होतं. कागद घेऊन गेलो. बाईंनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि ओट्यावर बसून ओळ न् ओळ तपासली. मी बारावीतल्यासारखा समोर उभा.

"हे काय? चाकाचा उतार सगळीकडे सारखाच धरलास?"

"सरासरी धरली."

"सरासरीने वेटोळं तुटत नाही. चाक जिथे सगळ्यात उभं आहे तिथलं धर. तिथेच तर झटका बसतो." त्यांनी समासात दोन ओळी खरडल्या. "बघ. तुझं उत्तर कमी आलं होतं. खरं याच्यापेक्षा वाईट आहे."

त्यांच्या पेन्सिलीने माझी बाजू आणखी पक्की झाली होती. मी म्हटलं, "मग बाई, आता तुम्हीच साहेबांना..."

त्यांनी चष्मा काढला. "हिशेब बरोबर आहे तुझा. तरी अरू म्हणतो तिथे सही कर."

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"यजमान गेले तेव्हा शिरीष तीन वर्षांचा," बाई म्हणाल्या. "सासरच्यांनी दार लावून घेतलं. अरूने मला इथे आणलं, उभं केलं. मी त्याच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. तू माझा आहेस म्हणून तुला सांगते आहे."

"आणि भोईर?"

"भोईरांची शेती आहे. त्यांचं अडणार नाही."

"आणि ती बाकीची मशीन?"

बाई उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी चहा न घेता निघालो. त्यांच्या घरातून तसा मी कधी निघालो नव्हतो.

मी सही केली नाही. त्याने काही अडलं नाही. उत्पादन खात्यातल्या सुपरवायझरने केली. त्याच्या घरी दोन लग्नाच्या बहिणी होत्या आणि मी त्याला दोष देत नाही. लॉट बदलून दिला गेला, नव्या स्प्रिंगा मोठ्या पुलीवर बसल्या. मी लालचंदशेठना माझ्या हाताने, साध्या कागदावर सगळं लिहून दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मास्टर, इस पे कंपनी का ठप्पा नहीं है ना." त्यांचंही खरं होतं. पुढे आणखी कुणाची बोटं गेली का, मला ठाऊक नाही. कुणी तसं मोजत नव्हतं.

भोईरला काढलं. मी महिनाअखेरीस राजीनामा दिला, तेव्हा साहेब म्हणाले, "ताईला काय वाटेल याचा तरी विचार करायचा होतास." नंतर मी बदलापूरच्या एका कारखान्यात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच मोजत राहिलो. भोईर काही वर्षांनी वांगणीला भेटला. शेत विकलेलं होतं, तिथे मुंबईच्या कुणाचं तरी फार्महाउस झालं होतं आणि तो त्याच फार्महाउसवर राखणीला होता. मला पाहून त्याने फाटक उघडलं. मास्तर म्हणाला नाही, साहेब म्हणाला. ते मला फार लागलं.

लोक मला सांगतात की तू सही केली नाहीस, हे थोडं आहे का? थोडं नसेल. पण अहवालावर कुणाची सही आहे हे मशीनला कळत नाही. मी स्वतःचा हात स्वच्छ ठेवला आणि बाकी सगळं जसं चालायचं तसं चाललं. याचा अभिमान कसा वाटून घ्यायचा, ते मला अजून जमलेलं नाही.

त्या रविवारनंतर मी बाईंना पत्र लिहिलं. आधी कच्चं लिहायचं, मग पक्कं करायचं ही सवय त्यांचीच, म्हणून कच्ची प्रत माझ्याकडे राहिली. ती खाली देतो. या पत्राचं उत्तर आलं नाही. बाई आता नाहीत.

ती. बाईंना साष्टांग नमस्कार, वि. वि.

काल तुमच्याकडून न सांगता निघालो, त्याबद्दल क्षमा करा. तिथे बोललो असतो तर तोंडून वाकडं गेलं असतं, म्हणून लिहितो.

उताराची दुरुस्ती केली. उत्तर तुम्ही म्हणालात तसंच वाढलं. पक्का कागद सोबत ठेवला आहे. त्यावर फक्त माझं नाव आहे. तुम्ही तो तपासलात हे मी कुणाला सांगणार नाही, साहेबांनाही नाही.

मी सही करणार नाही. साहेबांनी तुम्हाला आधार दिला हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. माहीत असतं तर कदाचित त्यांच्याशी मी अधिक नरमाईने बोललो असतो, पण उत्तर हेच दिलं असतं. तुमचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला रोज आठवतं. आईलाही आठवतं. ते फेडायला तुम्ही दुसरं काहीही सांगा.

आज सकाळी शोभाताईंना दवाखान्यात भेटून आलो. तुम्हाला हे सांगायलाच हवं. त्या तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान आहेत, माझ्या बहिणीएवढ्या. हाताला पट्टी आहे. मालकाने त्यांना निरोप दिला आहे की पट्टी सुटली की कामावर या, तेच मशीन देतो, नवी स्प्रिंग घातली आहे. घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा त्या जाणार आहेत. मी कारखान्यातला शिकलेला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "दादा, आता बसले तर चालेल ना त्याच्यावर?"

मी उद्या सांगतो म्हणून निघून आलो.

बाई, तुम्ही हिशेब पाहिला आहे. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून पाठवा. दोन ओळी पुरेत. जे लिहाल ते मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवीन. या आठवड्यात पट्टी सुटणार आहे, त्याच्या आधी पाठवा.

आपला,
वसंत